मनूच्या पाठीवरचा माझा हात

आज, मंगळवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. गडाच्या पायथ्याला, पाचाडला माझ्या सरबताच्या गाडीवर मी लिंबं कापत होतो.

फोन आला. आमच्या अंगणवाडीच्या सकपाळ बाई गेल्या.

मी माझ्या मुलीला मारतो, असं माझ्या तोंडावर म्हणणाऱ्या त्या एकट्या.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. मनू तेव्हा तीन वर्षांची होती. एप्रिलमधला मंगळवार. अंगणवाडीत तिचं झबलं वर सरकलं आणि बाईंना तिच्या पाठीवर हात दिसला.

खरोखर हात. चार बोटं आणि अंगठा. लालसर-तपकिरी.

बाईंनी तिला मांडीवर घेऊन विचारलं, "ह्यो कुणाचा हात गो?"

मनू म्हणाली, "बाबांचा."

संध्याकाळी बाई घरी आल्या. बसल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही.

"महेश, तुझा हात लाव हितं."

मी लावला. तंतोतंत बसला.

दुसऱ्या दिवशी माझी बायको सुप्रिया मनूला घेऊन पोलादपूरला माहेरी गेली. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, पोरीला बघायला येऊ नका."

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. पण रोजच्या गोष्टी वहीत लिहून ठेवायची सवय आहे. त्या आठवड्याची पानं मी दहा वेळा वाचली. शनिवार-रविवार गडावर गर्दी, म्हणून मनू दिवसभर गाडीपाशी. रोपवेचा पाळणा दाखवायला तिला चार-पाच वेळा उचललं. मारलं, असं कुठेच नाही.

मग शंका आली. झोपेत मारतो का मी?

चार रात्री मी ओटीवर एकटा झोपलो. घरात कुणी नव्हतं, तरी ओटीवर.

रविवारी बाई गाडीवर आल्या. चौकशी करायलाच आल्या होत्या. पण गिऱ्हाईक तुटत नव्हतं, म्हणून स्टुलावर बसून माझे हात बघत राहिल्या. मी लिंबं पिळत होतो.

एकदम म्हणाल्या, "मनगटावर काय हाय तुझ्या?"

तपकिरी डाग होते.

"ते दर उन्हाळ्यात येतात, बाई."

"रंग बघ. पोरीच्या पाठीवर ह्योच रंग." मग, "तुला कोण मारतं रे?"

गिऱ्हाईकं हसली. बाई हसल्या नाहीत.

"हात कधी धुतोस?"

"बाई, उन्हाळ्यात पाणी टँकरचं. हातावर कुठे ओतणार? फडक्याला पुसतो."

"आन् तसाच पोरीला उचलतोस."

"हो."

"मग ती उन्हात उघडीच खेळते."

"हो."

त्यांनी माझ्याकडून एक लिंबू घेतलं. पैसे ठेवले, मी नको म्हटलं तरी. अर्धं लिंबू डाव्या हातावर चोळलं, अर्धं उजव्या. उजवा हात पदराखाली घेतला. डावा उन्हात धरून भर दुपारी तासभर बसल्या. लोक विचारत होते, बाई, काय झालं? "टेस्ट चाललीय," म्हणायच्या.

मंगळवारी सकाळी दारात उभ्या. डावा हात लाल, दोन बारीक फोड आलेले. उजवा कोरा.

"चल. पोलादपूरला."

मेहुणा दारातच आडवा आला. बाईंनी त्याला हात दाखवला. "मला काय ह्यानं मारलंय? सर बाजूला."

तिथून मनूला घेऊन आम्ही सगळे महाडला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मनूला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. माझ्या मनगटाकडे पाहिलं, बाईंच्या हाताकडे पाहिलं.

म्हणाले, "हा मार नाही. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि वर कडक ऊन पडलं, की असं भाजतं. एक-दोन दिवसांनी दिसतं, म्हणून लिंबू कुणाला आठवत नाही."

सुप्रियाने तिथेच मनूला माझ्याकडे दिलं. मी घेतलं नाही. आधी बेसिनपाशी जाऊन हात धुतले.

परतताना एसटीत मी बाईंना म्हणालो, "तुम्ही आधी मला विचारायला हवं होतं."

"तुला विचारलं असतं तर तू नायच म्हणाला असतास. मारणारा पन नायच म्हणतो." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "उद्या दुसऱ्या पोरीच्या पाठीवर दिसलं, तर परत विचारीन."

आणि थोड्या वेळाने, "तुझे सहा दिवस गेले रे. माझ्यामुळं."

मनूचा डाग दिवाळीपर्यंत गेला. बाईंचा त्याहून जास्त टिकला. कुणी विचारलं की म्हणायच्या, "लिंबवाल्याकडं विचारा."

आज गाडी तशीच टाकून गेलो. बाईंना अंगणात ठेवलं होतं. ऊन वर आलं होतं. डावा हात पाहिला. कोरा होता.

पाया पडायला वाकलो आणि बोटांना लिंबाचा वास आला.

परत फिरलो. पडवीतल्या पिंपाशी साबणाने दोनदा हात धुतले. शर्टाला पुसून कोरडे केले. लोक बघत होते.

मग पायांना लावले.

बाई, हात स्वच्छ आहेत. नमस्कार करतो.