नाव न छापलेली मुलगी

कौटुंबिक न्यायालयात त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. वकील तर तोंडावर म्हणत, आणि बाईंना त्याचा अभिमानच होता. पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा असल्या बातम्या लिहिण्यात त्यांचे केस पिकले, पण एकाही लेकराचं नाव त्यांनी छापू दिलं नाही. नाव, शाळा, गल्ली, आईबापांची आडनावं, सगळ्याला कात्री. एवढं कापून बातमी अळणी होऊ नये म्हणून एखादा जिवंत तपशील चिमूटभर टाकायचा, ही त्यांची खासियत. घोडं तिथंच पेंड खात होतं, पण बाईंना सांगणार कोण?

त्या दिवशी ताब्याच्या खटल्यातली एक मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर बुटांचा खोका, खोक्यात कासव, त्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा निळा ठिपका. बाई शेजारी टेकल्या.

"चावतं का गं?"

"नाही हो काकू. आमच्या वर्गात सगळे हात लावतात त्याला." मग आवाज खाली आला. "आईकडे मी बूट घालूनच झोपते. नवे बाबा पट्टा काढतात ना, मग पटकन पळता येतं."

"जजबाईंना सांगितलंस?"

"आत्ताच, त्यांच्या खोलीत. त्या म्हणाल्या, कुणाला कळणार नाही."

बाई संतापून तडक उठल्या. त्याच तिरमिरीत त्यांनी बातमी लिहिली: बूट घालून झोपणारी, निळ्या ठिपक्याचं कासव सांभाळणारी एक मुलगी. नाव नव्हतंच. संपादकांनी पाठ थोपटली.

तिला ओळखायला वर्गाला नाव लागलंच नाही. मधल्या सुट्टीत पोरांनी तिचे बूट लपवले. आणि पुढच्या तारखेला आईच्या वकिलांनी तेच कात्रण फडकावलं. "बापानं पोरीला पढवलं, वर पेपरातही पेरलं!" बाप थोबाडीत बसल्यासारखा बघत राहिला. जजबाईंनी मुलीला पुन्हा आपल्या खोलीत नेलं.

कात्रीबाई मागच्याच बाकावर होत्या. बापानं काही पेरलं नाही, पोरीनं मला सांगितलं, एवढंच उठून म्हणायचं होतं. पण मुलांशी बोलायचं नाही, या अटीवरच त्यांना इथं बसू देत होते. बोलल्या असत्या तर आयुष्यभराचं काम गेलं असतं. म्हणून बाई मूग गिळून बसल्या, आणि याला भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही.

जजबाई परत आल्या त्या पडेल चेहऱ्यानं. "ती काही सांगायलाच तयार नाही. इथं बोललेलं पेपरात येतं, एवढंच म्हणाली." मुलगी आईकडे राहील, असा हुकूम झाला.

बाहेर आई घाई करत होती. "चल गं, नवे बाबा गाडीत थांबलेत." मुलगी खाली बसली. बुटांच्या नाड्यांना तिनं दोन-दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. मान वर केली तर समोर बाई उभ्या. पेपरात लिहिणाऱ्या काकू त्या याच, हे तिला एव्हाना कळलं होतं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "हे नका हं लिहू."