बोटीचं गाऱ्हाणं

बायको गेली त्या दिवसापासून मी देवाशी बोलत नव्हतो. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? ती आजारी असताना मी आमच्या गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं होतं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. गुरव देवासमोर उभा राहून आपलं मागणं मोठ्याने सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक बोलण्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मागायचं ते नीट नाव घेऊन मागायचं, अशी रीत. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं आजाराचं नाव मी गुरवाच्या पुढ्यात धरलं. त्याने ते दोनदा वाचलं, एक अक्षर चुकवलं नाही. तरी आठवड्याभरात ती गेली. घरी येऊन मी देव्हाऱ्यातला दिवा उचलला आणि माळ्यावर टाकला. शेजारीपाजारी समजूत घालायला आले. मी म्हटलं, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुढे बोंबलून काय करू? मी चौथी शिकलेला, जन्म होडीवर काढलेला माणूस. माझं बोलणं असंच आहे.

दीड वर्ष असं गेलं. घरात मी एकटा. एकुलती एक मुलगी रेश्मा, लग्नानंतर फार उशिरा झालेली, ती शिकायला नॉर्वेला. खाण्याचे जिन्नस टिकवायचे कसे, तपासायचे कसे, त्याचं ते शिक्षण आहे. ती तिकडे गेली आणि पाच महिन्यांत इथे तिची आई गेली. तिला येता आलं नाही. तिने आईला शेवटचं फोनच्या काचेत बघितलं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. दर रविवारी जेवायच्या आधी तिचा फोन यायचा. जेवलंस काय, औषध घेतलंस काय, एवढंच चालायचं. ती पण माझ्यासारखीच, दुखेल ते गिळून टाकणारी.

एका रविवारी मात्र तिचा आवाज वेगळा लागला. मी खोदून विचारलं तेव्हा बोलली. तिच्या शिक्षणात शेवटी तीन महिने बाहेर कुठेतरी काम करून दाखवावं लागतं. त्याला इंटर्नशिप म्हणतात. कामाची जागा आपली आपण शोधायची. ती दुधाच्या कारखान्यात, पावाच्या कारखान्यात, तपासणीच्या खोल्यांत, सगळीकडे अर्ज करून बसली होती. कोणी म्हणे आमची भाषा तुला पुरती येत नाही, कोणी म्हणे आधी आमच्याकडची मुलं, बाकीच्यांचं तर उत्तरच नाही. महिनाअखेरपर्यंत कोणाचं तरी पत्र कॉलेजात दिलं नाही तर डिग्री नाही, आणि तिथे राहायची परवानगीही संपणार. म्हणजे रिकाम्या हाताने परत.

“बाबा,” ती म्हणाली, “आवशीक शेवटचा भेटाक गावला नाय. तेवढा करून पण हात रिकामेच ऱ्हवले तर मी घराक कसा येव?”

मी म्हटलं, “होतला काय तरी.” पण ते माझं मलाच पोकळ वाटलं. अशा वेळी तिची आई असती तर पदर खोचून देवळात गेली असती. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. माझ्यासाठी मी त्या पायऱ्या चढलो नसतो. पोरीसाठी चढलो.

गुरव मूर्तीला फुलं वाहत होता. मला बघून थांबला आणि “इलंस?” एवढंच म्हणाला. दीड वर्षाचं काही काढलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

“घाल गाऱ्हाणा,” मी म्हटलं, “चेडवासाठी.”

“काय मागूचा?”

“थंय परदेशात तिका इंटरशिप गावाक व्हयी.”

“कसली शिप?”

“इंटर. इंटरशिप.”

“मोठी आसतली,” म्हणून त्याने मान हलवली आणि देवाकडे तोंड करून सुरू केलं. “बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या तुज्या लेकराचा चेडू सातासमुद्रापलीकडे गेलेला आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” देवळात बसलेली पाचसहा माणसं म्हणाली.

“तेका थंय बरीशी मोठी बोट गावांदे, बोटीवर काम गावांदे, जाताना-येताना तेची राखण कर, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि आमच्या हातसून, तोंडातसून काय वाकडातिकडा झाला आसात तर ता पोटात घाल, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यावेळी मीही म्हणालो. खरं सांगायचं तर ‘बोट’ ऐकताना मला खटकलं होतं. पण गुरव दहावी झालेला. मला वाटलं, असेल त्याचंच बरोबर.

तिथून मी बंदरावर कासमभायकडे गेलो. त्याचा बर्फाचा धंदा. तरुणपणी तो मोठ्या जहाजांवर स्वयंपाक करणारा भटारी होता, जग बघून आलेला माणूस, माझा पन्नास वर्षांचा दोस्त. त्याला मी सगळं सांगितलं तर तो बर्फाच्या लादीवर हात आपटून हसायला लागला. “अरे येड्या, इंटर्नशिप म्हणजे जहाज न्हय! ती शिकाऊ उमेदवारी. तू चेडवाक खलाशी करून टाकलंस!”

मी तसाच उलट्या पावली देवळात. गुरवाला म्हटलं, चूक झाली, परत घाल. तो आपला नैवेद्याच्या तयारीत. म्हणाला, “चुकला तर पोटात घाल, असा सांगलंय मरे. आता परत परत सांगूक देव काय बहिरो आसा?”

बहिरा आहे असंच मी दीड वर्ष म्हणत होतो, म्हणून मी मुकाट पायऱ्या उतरलो. पण घरी येताना सगळी वाट मी चिडलेला होतो. एकदा नाव बरोबर सांगितलं तर दिलं नाही. आता नावच चुकलं, आता काय देणार कपाळ?

पुढच्या रविवारी रेश्माचा फोन आला. कुठून काही कळलं नव्हतं. आवाजात जीव नव्हता. तिला जरा बरं वाटावं म्हणून मी बोटीच्या गाऱ्हाण्याची गोष्ट सांगितली, गुरवाच्या आवाजासकट. ती हसली. आई गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. हसता हसता मधेच थांबली.

“बाबा,” ती म्हणाली, “बोट आसा.”

“खंय?”

मग तिने सांगितलं. तिथल्या सरकारची एक बोट समुद्रातल्या मासळीची मोजदाद करत फिरते. एका फेरीला तीन आठवडे, तीन महिन्यांत अशा तीन फेऱ्या. पकडलेला मासा मोजायचा, तपासायचा, नमुने नीट थंड ठेवायचे, यासाठी बोटीवर दोन विद्यार्थ्यांना घेतात. त्याचा कागद महिनाभर कॉलेजच्या भिंतीवर लावलेला होता. मंगळवारी शेवटची तारीख. रोज ती त्या कागदासमोरून जायची आणि मान फिरवायची.

“अर्ज कित्याक नाय केलंस?”

“आवशीक शब्द दिलंय,” ती म्हणाली.

तो शब्द मला ठाऊक होता, तो दिला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पोरगी निघाली त्या दिवशी बायकोने उंबऱ्यावर तिचा हात धरला आणि म्हणाली, खाऱ्या पाण्यावर जाऊ नको. याला कारण मीच. रेश्मा लहान असताना वादळात माझ्या होडीचं इंजिन बंद पडलं, आणि दोन दिवस माझा पत्ता नव्हता. ते दोन दिवस बायको मांडीवर पोर घेऊन वाळूत बसून होती. मी परत आलो तेव्हा ती रडली नाही, फक्त म्हणाली, तुम्ही जा, पण माझं चेडू ह्या पाण्यावर जाणार नाही. मासे विकून विकून तिने पोरीला शिकवलं ते त्यासाठीच. आणि आता ती स्वतः नव्हती. जिवंत माणसाशी भांडून शब्द परत घेता येतो. गेलेल्या माणसाकडून कसा घेणार? पोरगी त्यात अडकली होती, आणि मला कधी बोललीही नव्हती.

बायकोच्या फोटोकडे बघायचं धाडस झालं नाही. माझ्या मनात आलं, आपण चुकलो, गुरव चुकला, आणि त्या चुकीने नेमकं तिथेच बोट ठेवलं जिथे पोरीचं दार बंद होतं. हे कोणी केलं ते मी सांगत नाही. मला काय वाटलं तेवढं लिहितोय.

“आयक,” मी म्हटलं. “तुज्या आवशीन माझी फुटकी होडी बघून तो शब्द घेतल्यान. ही बोट तिणा बघूक नाय. तू अर्ज कर. शब्द मोडल्याचा काय ता माज्यावर घाल. तिका जाब मी दितलंय. थंय वर गेल्यावर काय गाळी घालूच्यो त्यो माका घालतली, माका सवय आसा.”

ती रडली. मीही रडलो. आईसाठी आम्ही एकत्र रडलो ते त्याच दिवशी, दीड वर्ष उशिराने.

त्याच संध्याकाळी तिने अर्ज केला. चार दिवसांनी तिला बोटीवर बोलावलं, बोट तेव्हा ती शिकत होती त्याच गावाच्या धक्क्याला लागलेली होती. पुढचं सगळं तिने मला नंतर सांगितलं. भेटायला एक पिकल्या केसांची बाई होती, त्या बोटीवरची मोठी अधिकारी. तिने प्रश्न विचारण्याऐवजी ताटात तीन मासे ठेवले आणि म्हणाली, यातला सगळ्यात शिळा कुठला? दुसरी मुलं कागदावर काही लिहीत होती. आमच्या पोरीने अंगठ्याने कल्ला उचलला, पोट दाबून बघितलं, बोट नाकाशी नेलं आणि मधल्या माशावर हात ठेवला. बाईने विचारलं, हे कुठल्या कॉलेजात शिकलीस? पोरगी म्हणाली, कॉलेजात नाही, माझ्या आईने शिकवलं, बाजारात तिच्या पाटीशी बसून. सुट्टीच्या दिवशी बायको तिला बाजारात न्यायची, घरी एकटी नको म्हणून, तेव्हाचं ते. भाषा पुरती येत नाही, हे पोरीने स्वतःहूनच सांगितलं. बाई म्हणाली, बोटीवर तीन आठवडे दुसरं काही कानावर पडणार नाही, शिकशील.

शुक्रवारी माझा फोन वाजला. रविवार नसताना तिचा फोन. वाईट बातमी असणार म्हणून मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

“बाबा, गावली.”

“काय गावली?”

“शिप,” ती म्हणाली, आणि हसत सुटली. पत्र त्याच दिवशी तिने कॉलेजात दिलं होतं. आता डिग्रीची अडचण नव्हती, राहण्याच्या परवानगीचीही नव्हती.

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मी खाली बसलो. छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलून नेला की माणूस हलका होतो, आणि जरा घाबरतोही, तसं झालं. मग शिडी लावली, माळ्यावरून दिवा काढला. हिरवा पडला होता, चिंचेने घासून लख्ख केला. बायकोच्या फोटोकडे बघितलं आणि म्हटलं, तुझ्या चेडवाला तुझ्याच विद्येने बोट मिळवून दिली, आता भांडायचं तर माझ्याशी भांड.

पहिली फेरी तीन आठवड्यांची झाली. मधे फोन लागत नव्हता. किनाऱ्यावर बसून वाट बघणं काय असतं ते मला या वयात कळलं. त्या दिवसांत मी रोज देवळात जात होतो. गुरवाला काही सांगितलं नाही, नुसता बसून यायचो. एकविसाव्या दिवशी ती धक्क्याला उतरली आणि तिने फोन केला. फोनच्या काचेत चेहरा वारा लागून रापलेला दिसला, पण आवाजात ताकद होती.

बायको का गेली, ते मला आजही कळत नाही. त्याचं कारण कोणी समजावून सांगायला आला तर मी ऐकून घेणार नाही. ते दुःख आहे तिथे आहे. पण देवाला ऐकू येत नाही, असं आता म्हणवत नाही. बरोबर काय आणि चूक काय हे ठरवायची माझी अक्कल केवढी, ते त्याने दाखवून दिलं, आणि तेही माझा अपमान न करता, पोरीला हसवून. ज्याने राखलं त्याचे मी उपकार मानतो. मागणं पुढ्यात ठेवायचं आणि हात मोकळे करायचे, एवढंच आपलं काम, असं मला वाटायला लागलं आहे.

परवा कासमभायकडे बसलो होतो. तो म्हणाला, “आता चेडवाच्या लग्नाचा गाऱ्हाणा घाल. पण ह्यावेळी नाव तरी धड सांग, न्हायतर गुरव भलतोच जावई मागतलो!”

“नको रे बाबा,” मी म्हटलं. “माका नाव सांगूचाच नाय. काय ता तेकाच ठरवंदे.”

कासमभाय इतका हसला की त्याला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात बर्फाची गाडी आली, आणि आम्ही दोघं लाद्या उतरवून घ्यायला उठलो.