सिस्टरांचा कोरा रकाना

समोरच्या बाईचं तोंड बघायच्या आधी सिस्टर तिचे पाय बघत. घोट्याच्या जरा वर नडगीवर अंगठा दाबायचा, मोठ्याने पाचपर्यंत मोजायचं आणि अंगठा उचलून पडलेला खड्डा भरतो का ते पाहायचं. वर्ध्याच्या आमच्या दवाखान्यात त्या गरोदर बायांच्या तपासणीला बसत, पण त्यांच्या अंगठ्याला वेळकाळ नव्हता. एकदा आर्वीच्या एसटीत त्यांनी शेजारच्या अनोळखी पोटुशीचा पाय दाबला. तिची सासू भांडायला उठली, तर तिचाही दाबला. त्यांचं खरं नाव हजेरीपटावरच राहिलं. सगळ्यांसाठी त्या अंगठेवाल्या सिस्टर.

"बाई म्हनते मी बरी आहो," त्या सांगत. "पायाले खोटं बोलता येत नाई."

मी तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये. मेडिकल कोडिंगचा कोर्स करून नुकतीच लागले होते आणि माझ्याएवढं शहाणं कोणी नाही अशी माझी समजूत होती. फाइलीत लिहिलेलं वाचायचं आणि त्याचा ठरलेला कोड संगणकात टाकायचा, हे माझं काम. गरोदरपणात रक्तदाब ठीक आहे पण अंगावर सूज आहे, तर ओ-बारा पॉइंट शून्य. लघवीत प्रथिनं जात असतील तर पॉइंट एक. दोन्ही असेल तर पॉइंट दोन. सिस्टरांच्या फाइलीत यातलं काही सरळ नसायचं. त्या लिहीत, "जोडवी रुतली. साबण लावून काढली." नाहीतर, "नवऱ्याची चप्पल घालून आली." अशी एक फाइल मी शेरा मारून वर परत पाठवली, तर ती घेऊन त्या दोन जिने उतरून खाली आल्या.

"काऊन वं, यात काय समजलं नाई तुले?"

"सिस्टर, जोडव्यांचा कोड नसतो."

"मंग ज्यानं कोड बनवले त्यानं जोडवे घातले नसतीन," असं म्हणून त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि माझ्या डब्यातली अर्धी भाकर खाऊन गेल्या. त्या दिवसापासून मी भाकर एक जास्त आणू लागले.

आमचं खरं भांडण व्हायचं ते लघवीतल्या प्रथिनांच्या रकान्यावरून. सुजेबरोबर प्रथिनंही जात असली, तर गरोदर बाईला झटके यायची भीती असते. तपासायच्या पट्ट्या मधूनमधून संपत. पट्टी नसली की बाकीचे लोक रकान्यात "निरंक" लिहून मोकळे होत, कारण रकाना कोरा राहिला की ती फाइल संगणकात पेंडिंग दिसे आणि वरून विचारणा होई. सिस्टर मात्र कोरा ठेवत. "निरंक म्हंजे मी पाह्यलं अन् काई निंघालं नाई. मी तं पाह्यलंच नाई! कोरं आहे तं कोरंच राहू दे, पोरी. कोरं दिसलं की आपन तिले बलावतो."

आणि खरंच बोलावत. दर शनिवारी त्या माझ्या टेबलाशी येत, मला पेंडिंगची यादी वाचायला लावत आणि एकेका घरी फोन करत. "पट्ट्या आल्या. सकाळची पयली लघवी घेऊन येजो. बाटली धुऊन घेजो, नाईतं खोकल्याचं औषध तपासून राह्यची मी!" सोमवारी बाया पिशवीत बाटल्या गुंडाळून हजर. नुसत्या सुजेचा कोड पडलेल्या बाईला आमचा संगणक थेट महिन्याने बोलावी. कोऱ्या रकान्याची बाई मात्र सिस्टरांच्या शनिवारात सापडे.

वंदना सिंदी रेल्वेची. पहिलटकरीण, सातवा महिना. रक्तदाब ठीक होता, पाय सुजलेले होते आणि पट्ट्या संपल्या होत्या. सिस्टरांनी लिहिलं, "खड्डा भरत नाही. लघवी पाहिली नाही." रकाना कोरा. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड तपासायला वरून टीम यायची होती आणि दवाखान्याचे साहेब मला सांगून गेले, पेंडिंग शून्य पाहिजे. मी त्या संध्याकाळी संगणकातल्या सगळ्या कोऱ्या रकान्यांत निरंक टाकलं. वंदनाचाही त्यात होता. ओ-बारा पॉइंट शून्य. दहा मिनिटांचं काम.

तो शनिवार टीमच्या गडबडीत गेला. पुढच्या शनिवारी सिस्टर आल्या, यादी ऐकली आणि म्हणाल्या, "ते सिंदीवाली राह्यली ना?"

"नाही सिस्टर, यादीत नाही. झालं असेल तिचं."

"मंग झालंच असन," त्या म्हणाल्या. स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांनी माझ्या यादीवर विश्वास ठेवला. तेव्हा खरं सांगितलं असतं तर वेळ होती. मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसले, दुसरं काही कारण नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात वंदनाला झटके येत असताना आणलं. पोटातलं आधीच गेलं होतं. संध्याकाळपर्यंत तीही गेली.

चौकशीत मी संगणकावर तिची नोंद उघडून दाखवली. लघवी तपासली, निरंक. खाली सिस्टरांचं नाव. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. संगणकात सगळं चोख होतं, कोणाचीच चूक नव्हती; हाताने लिहिलेली फाइल कोणी उघडलीच नाही. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "मी तपासली नाई. पट्ट्या नव्हत्या. हे खोटं आहे."

साहेबांनी समजावलं, "सिस्टर, यात तुमचंच नुकसान आहे."

"असन. पन तपासली नाई."

"मग हे लिहिलं कोणी?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहत राहिले. "मले नाई माहीत," त्या म्हणाल्या. तपासणी केली नाही म्हणून ठपका त्यांच्यावर आला. त्यांना बायांपासून उचलून स्टोअरमध्ये बसवलं. तिथे दाबायला पाय नव्हते. वर्षभरात त्या नोकरी सोडून पवनारला घरी गेल्या.

मी पवनारला गेले तेव्हा बराच उशीर झाला होता. त्या ओसरीवर बसल्या होत्या. मूत्रपिंडं थकली होती, पाय खांबासारखे झाले होते. "दाब," त्या म्हणाल्या. मी अंगठा दाबून पाचपर्यंत मोजलं. खड्डा भरला नाही. मला रडू फुटलं. "सिस्टर, ते मी..."

"माहीत आहे मले. पयल्या दिवसापासून." त्यांनी पाय आत घेतला. "रडू नको. तुह्या रडन्यानं तिचं काय होते?" मला वाटलं होतं, त्या रागावतील किंवा माफ करतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. चहा केला, बसची वेळ सांगितली.

मागच्या महिन्यात त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं, आणि तपासण्या व्हायच्या आत त्या गेल्या. फाइल माझ्याच टेबलावर आली. लघवीचा रकाना कोरा होता. मी तो कोराच ठेवला, शेऱ्यात "पाहिली नाही" असं लिहिलं आणि घरी गेले. एवढं तरी त्यांच्यासाठी करता येईल असं वाटलं.

सकाळी आले तर दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने काम संपवून ठेवलं होतं. पेंडिंग शून्य. सिस्टरांच्या नावापुढे निरंक.