सातवा सांधा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. माझ्याकडे सगळ्याची यादी असते — वाणसामान, औषधं, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची. हे मात्र कुठल्याच कागदावर नाही. का नाही? कारण ते एका यादीतच घडलं.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी आणि पद्मा मॅट्रिकला. ती पूर्व भागातली. घरी चादरींचे माग, बोलणं तेलुगू. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एक कासव बनवत होतो — पत्र्याच्या पाठीचं, चाकांवरचं, उजेड दिसला की त्याच्याकडे चालत जाणारं. पद्माचे वडील म्हणाले होते, प्रदर्शनात कासव चाललं तर पॉलिटेक्निक. नाहीतर माग.

त्याच्या पोटातले ट्रान्झिस्टर जोडायला दोघी लागायच्या. एकीनं तापल्या कांडीनं तार वितळवून डाख द्यायचा, दुसरीनं ट्रान्झिस्टरचा पाय पकडीनं धरायचा — म्हणजे उष्णता पकडीत उतरते, आत पोचून तो जळत नाही. डाख पद्माचा, पकड माझी. वहीही माझी : सांधा कितवा, कोणी केला, पुढे बरोबरची खूण.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी विज्ञानाचे सर म्हणाले, "पद्माचा हात बघा, तुटला धागा जोडावा तसा! आणि तू गं? नुसती कारकून?" सगळे हसले. मीही हसले.

पद्मा घरी गेल्यावर मी सातवा सांधा उकलला आणि पुन्हा जोडला. एकटीनं. एक तरी सांधा माझा असावा — एवढंच होतं का ते? एका हातात डाखाची कांडी, दुसऱ्या हातात तार; पकड कोण धरणार? ट्रान्झिस्टर बोट भाजेल इतका तापला. काय झालं ते मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. चालवून बघायची हिंमत झाली नाही. वहीत होतं तसंच राहू दिलं — सांधा सातवा, पद्मा, बरोबर.

प्रदर्शनात कासव जागचं हललं नाही. सरांनी तपासलं, मग वही उघडली. "सातव्यावरचा ट्रान्झिस्टर जळलाय. पद्मा, पकड लावली होती ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पकड माझ्या हातात असायची, हे तिला ठाऊक होतं. माझीच पकड सुटली असेल, असं तिला वाटलं असणार.

"न्हाय, सर. मीच इसरले."

मी सरांच्या हातून वही परत घेतली.

प्रदर्शन बघायला आलेले तिचे वडील रागावले नाहीत. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चल की अम्मा. यंत्र चालवायचंच तर घरात माग हाय."

ती गेल्यावर सरांनी नवा ट्रान्झिस्टर बसवला. पकड मी धरली. कासव टेबलावरून सरळ दाराच्या उजेडाकडे चालत निघालं.

पद्मा परत शाळेत आली नाही. तिचं घर मला माहीत होतं. मी गेले नाही.

वही अजून माझ्याकडे आहे. सातव्या ओळीत तिचंच नाव आहे. सांधा माझा होता.