अब्बांचं बोट

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणतात. शिवलेली प्रत्येक कॉलर ती दोन्ही हातांनी ओढून बघते; मुकादम ओरडला तरी ऐकणार नाही. कुराण शिकवणारी फुकटची ॲपंही लेकीसाठी तिनं तशीच ताणून पाहिली. एकात मधेच जुगाराची जाहिरात नाचली, ते काढलं. दुसरं, नेट गेलं की मुकं. तिसऱ्यात आवाज स्वच्छ, जाहिरात नाही, धडा झाला की हिरवी खूण. ते ठेवलं. मी म्हटलं, "नवरा करताना एवढं बघितलं नव्हतंस!" एरवी हसली असती.

तिला घाई होती. तिच्या वडिलांनी, अब्बांनी, गल्लीतल्या निम्म्या पोरांना कुराण वाचायला शिकवलं. पण आई लवकर गेली, चूल हिच्या गळ्यात पडली, आणि "घरचीच आहे, कधीही शिकेल" म्हणता म्हणता ही राहूनच गेली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! भांडी घासताना कानावर पडलं तेवढं पाठ झालं. अरबी अक्षर एक ओळखता येत नाही. आता अर्धांगाचा झटका येऊन अब्बांची वाचा गेली. नातीनं वाचलेलं त्यांनी एकदा ऐकावं, एवढीच हिची धडपड.

सगळ्या खुणा हिरव्या झाल्यावर तिनं मला शेजारून बोलावलं. पोर अब्बांसमोर कुराण उघडून बसली, आणि गप्प.

"वाच ना गं."

"अम्मी, आधी फोन म्हणतो, मग मी."

सगळं तपासलं बाईनं, फक्त आवाज बंद करून पोरीला वाचायला लावलं नाही. लावणार कशी? तिच्या लेखी शिकणं म्हणजे ऐकणं. मला तिची दया आली आणि अब्बांचा राग.

मग पोरीला आधार म्हणून कॉलरवालीच पाठ असलेलं म्हणू लागली. बापासमोर पहिल्यांदाच. अब्बांचं बोट खाटेवर टकटकलं. चुकणाऱ्या पोरांना ते असंच थांबवायचे. तिनं पुन्हा सुरू केलं. त्याच जागी टकटक.

"अब्बा, मग मी जन्मभर चुकीचंच म्हणत आले?"

अब्बांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सांगायला त्यांना वाचा नव्हती, आणि पानावर दाखवलं असतं तरी हिला वाचता येत नव्हतं.

आता मायलेकी रोज खाटेजवळ बसतात. फोनवर एक अक्षर ऐकायचं, आवाज बंद करायचा आणि अब्बांना म्हणून दाखवायचं. बोट हललं नाही, की पुढचं.

कालपासून बोट हललेलंच नाही. दोघी भराभर पुढे चालल्या आहेत, आणि कॉलरवाली अब्बांच्या निपचित हाताकडे बघायचं टाळते आहे.