खिंडीत बसवलेल्या तिघी

चंदन आणि वंदन हे साताऱ्याच्या उत्तरेला खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन गड. मधे एक खिंड आहे. त्या खिंडीत आम्हा तिघींना एका सकाळी बसवून ठेवलं होतं. आता पन्नास वर्षं होत आली, तरी मला ती गोष्ट हसत सांगता येत नाही. आमच्या घरात मात्र ती हसतच सांगितली जाते, आणि तीही चुकीची.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी साताऱ्याला कॉलेजात होते आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होते. आमचं गाव कोरेगावकडचं, कालव्याखालचा ऊस. वडील फौजेतून पेन्शनवर आलेले. माझा चुलतभाऊ माझ्या पुढच्या वर्गात होता, आणि तो साताऱ्यात आहे म्हणूनच मला कॉलेजला पाठवलं होतं. घरात कुणी विचारलं की आई सांगायची, "भाऊ हाय की तिथं."

कॉलेजातल्या काही मुलांनी डोंगर चढणाऱ्यांचा एक गट केला होता, चुलतभाऊही त्यात होता. त्यांचा पुढारी शेवटच्या वर्षाला होता. तो उत्तरेकडे जाऊन गिर्यारोहणाचा कसलासा कोर्स करून आला होता, तेव्हापासून गळ्यात शिट्टी घालून फिरायचा. दिवाळीनंतर त्यानं जाहीर केलं की एका दिवसात तीन माथे करायचे. सकाळी चंदन, मग वंदन, आणि उतरून शेजारचा कल्याणगड. मुलींनाही यायला हरकत नाही, असंही तो म्हणाला. मला फार आनंद झाला. मी दोन मैत्रिणींना तयार केलं. एक तासगावची, वडिलांची द्राक्षबाग असलेली, उंच आणि कमी बोलणारी. दुसरी माणदेशातली. तिच्या घरी मेंढरं होती आणि कळपामागं चालण्यात तिचं लहानपण गेलं होतं.

आदल्या दिवशी निरोप आला की जेवण मुलींनी आणायचं. सगळ्यांचं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण आम्हाला डोंगर दिसत होता, चूल दिसत नव्हती. वसतिगृहाच्या आचारीणबाईंना मस्का लावून आम्ही पहाटे उठलो, ढीगभर भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, कांदे बांधून घेतले. धडप्यात बांधलेली ती गाठोडी पाठीवर घेऊन आम्ही एसटीत बसलो. मुलांच्या पाठीवर पाण्याच्या बाटल्या, एक दोर आणि एकाच्या गळ्यात कॅमेरा होता.

फाट्यावर उतरून चढायला लागलो. गवत वाळून पिवळं झालं होतं आणि पायाखालून घसरत होतं. शहरातली दोन पोरं अर्ध्या चढावरच कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली. माणदेशातली मैत्रीण साडीचा काचा मारून, गाठोडं डोक्यावर घेऊन, सगळ्यांच्या पुढं होती. तिला मागं बघायची गरजच पडत नव्हती. पुढाऱ्यानं दोनदा शिट्टी मारून तिला थांबवलं. सगळ्यांनी बरोबर चालायचं असतं, असं त्याचं म्हणणं. ती थांबली. मुलं येईपर्यंत आम्ही तिघी उन्हात उभ्या राहिलो.

खिंडीत पोचलो. मी गाठोडं खाली ठेवून घाम पुसला आणि चंदनच्या वाटेकडं वळले, तर पुढारी म्हणाला, "मुली इथंच थांबतील."

मी विचारलं, "कशाला?"

"पुढची वाट अवघड आहे. शिवाय सामानाकडं कुणीतरी पाहिजे. आम्ही चंदन करून येतो, तोवर तुम्ही जेवण मांडून ठेवा. मग आम्ही वंदन करतो."

"आणि आमी?"

"तुम्ही खिंडीपर्यंत आलात ना? मुलींच्या मानानं पुष्कळ झालं."

तो हे रागावून बोलला नाही, चांगलं गोड बोलला. त्याचाच मला जास्त संताप आला. मी चुलतभावाकडं पाहिलं. आमच्या मळ्यापासून शाळा दोन कोसांवर होती आणि आम्ही दोघं रोज बरोबर जायचो. ओढ्याला पाणी आलं की मीच त्याचं दप्तर डोक्यावर घेऊन पलीकडं न्यायची. मी कशी चालते ते तिथं जमलेल्यांत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दादा, सांग की ह्यास्नी," मी म्हटलं.

तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती. मग उठून म्हणाला, "बस गं थोडा वेळ. आत्ता येतो आमी."

मुलं गेली. आम्ही तिघी गाठोड्यांपाशी बसलो. खिंडीत वारा भणाणत होता. तासगावच्या मैत्रिणीनं मुलं गेली त्या वाटेकडं पाठ केली. तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं हे कुणाला कळणार नाही, याचाही मला राग आला.

माणदेशातली म्हणाली, "आमच्यात मेंढरालासुदिक असं दावणीला बांधून डोंगराखाली ठेवत न्हाईत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ह्यो दुसरा डोंगर कुणाच्या बापाचा हाय?"

कुत्री शिवू नयेत म्हणून गाठोडी झाडाच्या फांदीला टांगली. आमच्या वाटणीच्या भाकऱ्या तिथंच कांद्याशी खाऊन घेतल्या आणि वंदनकडं निघालो. पुढची वाट अवघड आहे म्हणे. शेळ्या राखणाऱ्या बायका रोज ज्या वाटेनं जातात तशी ती वाट होती. पडक्या दरवाजातून आत गेलो, मोडक्या पायऱ्या चढलो, आणि वर सपाटीवर आलो. खाली कृष्णेच्या काठची हिरवी शेतं, लांब अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला जरंडेश्वर. मला माझ्या गावाची दिशा सापडली. तासगावची मैत्रीण त्या दिवसात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "ह्ये आपल्याला बघू द्यायचं नव्हतं."

समोर चंदनच्या माथ्यावर मुलं मुंगीएवढी दिसत होती. फोटोसाठी उभी असावीत. आम्ही पदर हलवले. थोड्या वेळानं शिट्टी ऐकू आली, मग पुन्हा पुन्हा येतच राहिली.

आम्ही खाली उतरायला लागलो तेव्हा ती मुलं खिंडीत बसून आमच्या भाकरी खात होती. पहिलं जेवण आणि मग आमचा शोध, असा क्रम त्यांनी लावलेला होता. आम्हाला पाहून पुढारी उठला. तोंड लालबुंद.

"काही झालं असतं तर जबाबदार कोण? शिस्त म्हणून काही असतं."

"काय झालं न्हाई," मी म्हटलं. "वंदन झाला आमचा. तुमी करून या. तवर आमी सामान बघतो."

दोन मुलं खुदकन हसली. पुढारी हसला नाही. त्यानं घड्याळ पाहिलं, मुलांकडं पाहिलं. एकाच्या टाचेची सालटी निघाली होती, दुसरा गुडघा धरून बसला होता. कॅमेरावाला तर सरळ आडवा झाला होता. पुढारी म्हणाला की मुलींच्या बेशिस्तीमुळं वेळ गेला, आता वंदन रद्द आणि कल्याणगडही रद्द. मी म्हटलं, आम्ही चालायला तयार आहोत. माणदेशातली तर पदर खोचून उभीच होती. पण शिट्टी वाजली आणि सगळे उतरू लागले. कुणाचंही काही न ऐकता उतरू लागले.

सोमवारी कॉलेजात जो तो आम्हाला विचारत होता, "तुम्ही हरवला होता म्हणे?" मुलींना शोधता शोधता दोन माथे राहिले, अशी ती कहाणी होती. तिथं मी भांडले. ज्यानं विचारलं त्याला खरं सांगितलं. काहींनी ऐकलं, बाकीच्यांना हरवलेल्या मुलींची गोष्ट जास्त आवडली.

सुट्टीला घरी गेले तर गोष्ट माझ्या आधी पोचली होती. चुलतभावानंच सांगितली होती. वडील सोप्यात बसले होते, तो दाराशी उभा.

वडिलांनी मला विचारलं, "हरवली हुतीस?"

"न्हाई आबा. वर गेलो हुतो. वाट दिसत हुती, आमी त्यांना दिसत हुतो."

वडील त्याच्याकडं वळले. "आन् तू कुठं हुतास रं?"

"चंदनवर."

"हिला सोडून?"

  वडील फौजेत डोंगरात राहिलेले, त्यांना सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता ते त्याला झापतील. पण ते म्हणाले, "खरं तुझंच हाय, पोरी. पन गावात ह्याची गोष्ट पसरली. आता डोंगरबिंगर बास."

म्हणजे खोटं बोलणारा मोकळा आणि खरं बोलणारी घरात. मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, आवं, पोरगी उपाशी हाय. वडील उठून गोठ्याकडं गेले.

संक्रांतीनंतर मी त्यांना सांगितलं, "रविवारी आमी तिघी कल्याणगडावर जाणार हाय. इचारत न्हाई, सांगतेय. म्हंजे परत कुणी दुसरं सांगायला नगं."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "उजाडताच चढा," एवढंच म्हणाले.

आम्ही गेलो. वाटेतल्या गुहेत गार पाणी साचलं होतं, त्यातून एकमेकींचे हात धरून आत गेलो आणि अंधाराला घाबरून तिघीही ओरडलो. मग माथ्यावर जाऊन निवांत बसलो. शिट्टी नव्हती, कॅमेराही नव्हता. माणदेशातली म्हणाली, आता उद्या बोटं मोडायला कुणाला काय मिळणार? तरी मिळालंच. मुली एकट्या डोंगरावर जातात म्हणून वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी आम्हाला बोलावून झापलं. तेही आम्ही ऐकून घेतलं.

चुलतभाऊ पुढं मोठ्या नोकरीला लागला, आता निवृत्त आहे. त्याच्याशी माझं वाकडं नाही. अडीअडचणीला धावून येतो. पण घरात कार्य निघालं की तो चार पाहुण्यांत ती गोष्ट काढतोच, कशी ही वंदनवर हरवली आणि आम्ही कसं शोधून काढलं. मी बरीच वर्षं विषय बदलत आले. गेल्या खेपेला, भाचीच्या लग्नात, मांडवातच म्हटलं, "दादा, मी हरवले नव्हते. तू नाडी बांधत होतास."

पाहुणे हसले. तो म्हणाला, "अगं, गंमत. इतकी वर्षं झाली."

"मला गंमत वाटत नाही," मी म्हटलं.

 तो उठून पंगतीत वाढपी कमी पडतायत का ते बघायला गेला.