मोरा बंदरावरचा नारळाच्या दुधातला भात

हिरामावशींकडे जायचं माझी लेक मुग्धा वर्षभर टाळत होती. मी नोकरीला जायचे तेव्हा मावशींनीच तिला वाढवलं. आता ती प्लांट-बेस्ड झालीय, आणि मावशींच्या ताटाला नाही म्हटलं तर त्या कायमच्या दुखावतील, याची तिला धास्ती. शेवटी मीच फोन करून "ती आता फक्त भाजी खाते" असं सांगितलं आणि रविवार ठरवून टाकला.

नेरूळहून उरणच्या बसला खिडकी मिळाली तर सोडू नका. उलव्यापुढे कंटेनरच्या गाड्यांमागे बस रेंगाळते, पण खाडीवर धुकं असलं की घाई आपोआप विरते.

"प्लांट-बेस्ड म्हणजे शाकाहारीच ना?" मी बसमध्ये मुग्धाला विचारलं.

"शाकाहारी माणूस पेढा खातो, आई. मी दूध, तूप, मध काहीच खात नाही. काही जण जेवण बहुतांश वनस्पतींचं असलं तरी तेच नाव देतात. बिस्किटाच्या पुड्यावर पुढे प्लांट-बेस्ड, मागे दूध पावडर."

उरणहून मावशींच्या मोऱ्याला रिक्षा मिळते, सुटे पैसे ठेवा. ओहोटी होती. होड्या चिखलात कुशीवर निजल्या होत्या आणि पाणी कुठे संपतं, आभाळ कुठे लागतं, कळत नव्हतं. मला तिथून उठावंसंच वाटेना. इथून मुंबईची लाँच पकडायची असेल तर भरतीची वेळ विचारून या.

घरी पोचल्यावर मावशींनी वांग्याची भाजी वाढली. वासावरूनच मी ओळखलं. मुग्धाचा हात थांबला.

"मावशी, यात सुकट आहे."

"ती चवीला. मासा कुटं हाय? तुजी आई बोल्ली, भाजी खाते."

चूक माझी होती. मुग्धानं हळू आवाजात नीट सांगितलं, प्राण्याचं काहीच नाही, चवीलाही नाही.

"दूध बी नाय?"

"नाही."

मावशी मुग्धाचं ताट उचलून आत गेल्या. संपलं, मला वाटलं. मग आतून नारळ खवल्याचा आवाज येऊ लागला. बऱ्याच वेळानं त्या गरम भात, नारळाचं दूध आणि गूळ घेऊन आल्या.

"तुजी आई दूध ठेवून जायची, तुला पचायचा नाय. मंग रोज हाच भरवायची. आता त्याला नाव आलाय व्हय?"

मुग्धानं दोनदा भात मागून घेतला. वांगं मी संपवलं.

संध्याकाळी घरी आलो. प्लांट-बेस्डचा अर्थ आता मी कुणालाही समजावून सांगेन. माझी लेक लहानपणी दुपारी काय जेवायची, ते मात्र मला आज कळलं.